वळवाच्या कैऱ्यांचा साखरांबा: कीस चिवट झाला, वर साखर धरली. नव्या कैऱ्यांचं काय करू?

कृष्णाकाठ

नमस्कार. वाईहून लिहितोय. आमच्या परसात रायवळ आंब्याचं जुनं झाड आहे. त्याचा आंबा पिकला की नुसता धागा आणि कोय, पण कैरी अशी की एक फोड चावली तरी दात आंबतात. या कैऱ्यांचा साखरांबा आमच्या घरी गेली तीस-बत्तीस वर्षं होतो आणि तो माझी बायको करते. मी आजवर फक्त कैऱ्या उतरवल्या, किसल्या आणि बरण्यांना दादरे, म्हणजे तोंडावरची फडकी, बांधले.

एप्रिलमध्ये ती अंगणात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. अजून प्लास्टर आहे. "यंदा राहू दे," म्हणाली. मला ते पटेना. एक बरणी नागपूरला मुलीकडे जाते, नातवाच्या डब्यात आठवड्यातून दोनदा साखरांबा-पोळी असते. म्हणून मी करायला घेतला. ती ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसली.

केलं ते सगळं जसंच्या तसं सांगतो. वळवाच्या पावसात पडलेल्या कैऱ्या गोळा केल्या. सालं काढून, मार लागलेला भाग काढून सव्वा किलो कीस झाला. दोन-चार कैऱ्या आतून पिवळसर निघाल्या, त्याही किसल्या. साखर अडीच किलो, म्हणजे दुप्पट. कीस आणि साखर एकदमच पातेल्यात घालून गॅसवर चढवली. भराभर पाणी सुटलं. जवळजवळ तासभर ढवळत होतो. ही म्हणाली, "बास, उतरवा आता." मी झाऱ्यावरचा थेंब बोटांत धरून पाहिला, तार येत नव्हती, म्हणून आणखी दहा-बारा मिनिटं ठेवला.

आज नववा दिवस. बरणीत वर साखरेचा पापुद्रा धरलाय, कडेला खडे दिसतात. कीस दोऱ्यासारखा लागतो, चावावा लागतो.

काल झेल्याने, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीने, झाडावरच्या पाच किलो कैऱ्या उतरवल्यात. या वाया घालवायच्या नाहीत. हिला विचारलं की कधी उतरवायचा हे तुला कसं कळतं, तर म्हणते, "झारा जड लागतो." ज्या हाताला ते कळतं तो हात प्लास्टरमध्ये आहे. वजनात, मिनिटांत, जमेल तसं सांगा. आणि पहिली बरणी वाचेल का?

---

माजघर

भाऊ, आधी वहिनींच्या हाताला आराम पडो. देवरुखहून लिहितेय. आमच्याकडे दर मे महिन्यात पंधरा-वीस किलो कैरीचा साखरांबा आणि गुळांबा होतो, सासूबाईंच्या हाताखाली शिकले आणि आता सुनेला शिकवतेय. त्यामुळे तुमचं वाचून राहवलं नाही.

तुमच्या बरणीत दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्यात आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

कीस चिवट झाला कारण तो कच्चा असतानाच त्याला साखर भेटली. साखर कैरीतलं पाणी ओढून घेते. तुम्हाला जे भराभर सुटलेलं पाणी दिसलं ते किसातलंच होतं. एकदा किसाने पाणी सोडलं की तो आक्रसतो आणि मग तासभर उकळा नाहीतर दोन तास, मऊ होत नाही. म्हणून कैरी आधी पुरती शिजवायची आणि मगच साखर. आमच्याकडे पोरींना हेच पहिलं सांगतात. किसाची चिमूट दोन बोटांत दाबली तर लगदा व्हायला हवा. टोचला तर आणखी वाफ द्या.

साखर धरली कारण साखर जास्त होती, आंबटपणा कमी होता आणि पाक पुढे गेला. त्या आतून पिवळसर निघालेल्या कैऱ्या पाडाला आलेल्या, म्हणजे पिकायला लागलेल्या होत्या. गोडसर कैरी साखरांब्यात घातली की साखर हमखास बसते. आंबट कैरीच पाकाला सांभाळते.

आता नव्या कैऱ्यांचं. रात्री देठ काढून पाण्यात बुडवून ठेवा, चीक निघून जाईल. सकाळी स्वच्छ पुसा, सालं जाड काढा. हिरवं राहिलं तर पाक काळपट दिसतो. पांढराशुभ्र गर घ्या, पिवळी कैरी बाजूला काढा, तिचं पन्हं करा. किसणी मोठ्या भोकांची. बाठ्याला लागून असलेला रेषाळ भाग किसू नका. तो किलोमागे मूठभर निघतो आणि पातेल्यात गेला की सगळ्या साखरांब्याची चव बिघडवतो. किसला की पिळायचा नाही. काही जण आंबटपणा जावा म्हणून पिळून पाणी टाकून देतात, मला ते अजिबात पसंत नाही. कैरीचा वास त्या पाण्यात असतो.

एक किलो किसाला सव्वा किलो साखर. तुमची रायवळ फार आंबट असेल तर दीड, त्यावर नको. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात दोन चमचे साजूक तूप, चार लवंगा, त्यावर कीस. परतून, झाकण घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. झाकणावर पाणी ठेवलं तर खाली लागत नाही. पितळेचं पातेलं असेल तर कल्हई नीट बघून घ्या, उडालेली असेल तर त्यात कैरी नको. ॲल्युमिनियमही नको.

कीस शिजला की गॅस बारीक करून साखर घाला. ती पूर्ण विरघळेपर्यंत उकळी येऊ देऊ नका. कडेला चिकटलेले साखरेचे कण ओल्या चमच्याने खाली ढकला. त्यातला एक कण जरी तसाच राहिला तरी पुढे त्याच्याभोवती खडा धरतो. मग मध्यम आच आणि अधूनमधून तळापासून ढवळायचं. पाक दाटायला लागला की ढवळणं कमी करा.

वहिनी म्हणतात ते झारा जड लागणं मला समजलं. कीस आणि पाक वेगवेगळे हलत असतात, ते एका क्षणी एकत्र हलायला लागतात. झारा फिरवला की सगळं मिळून फिरतं. तुमच्या डोळ्यांसाठी दुसरी खूण सांगते. स्टीलची बशी थंड करून ठेवा. त्यावर पाकाचा थेंब टाका, दोन मिनिटं थांबा, मग बशी तिरकी करा. थेंब पाण्यासारखा पळाला तर कच्चा. सावकाश ओघळला तर उतरवा. अजिबात हलला नाही तर पुढे गेला. ही दोन मिनिटं थेंब निवेपर्यंत गॅस बंद ठेवा, नाहीतर तुम्ही बशी बघत असताना पातेल्यातला पाक पुढे जातो. गरम थेंब बोटांत धरून तार बघू नका. गरम असताना साखरांबा नेहमी पातळच वाटतो, गार झाला की दुप्पट दाट होतो. वहिनी "बास" म्हणाल्या तेव्हा तो झालेला होता.

पहिली बरणी: पातेल्यात काढा, एक वाटी पाणी आणि दोन लिंबांचा रस घाला, मंद आचेवर एकूण एक खडा विरघळू द्या, उकळी फुटली की पाच मिनिटांत उतरवा. साखर सहसा परत धरणार नाही. चिवटपणा मात्र पुरता जात नाही, तो मिक्सरमधून फिरवून जॅमसारखा ब्रेडला, पोळीला लावा.

---

तापमापी

माजघर ताईंनी सगळं सांगितलंच आहे. मी फळप्रक्रियेच्या कामात आहे, म्हणून काकांनी मागितलेलं वजन आणि अंश तेवढे देतो.

साखर आंबट पदार्थाबरोबर उकळली की तिचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो. हे मिश्रण सहज खडा धरत नाही. कैरीतला आंबटपणा पाकाला सांभाळतो तो असा, आणि लिंबाचा रसही तेच काम करतो.

टिकण्यासाठी तयार पदार्थात साखर आणि फळाचा घन भाग मिळून 65 ते 68 टक्के हवा. त्याखाली गेलं तर बुरशी आणि आंबण्याची भीती, फार वर गेलं तर खडे. हे घरच्या काट्यावर मोजता येतं. रिकाम्या पातेल्याचं वजन झाऱ्यासकट आधी करून लिहून ठेवा. एक किलो कीस आणि सव्वा किलो साखर, एकूण सव्वा दोन किलो. आटून हे सुमारे दोन किलोवर आलं की साखरांबा झाला. पातेलं उतरवून काट्यावर ठेवायचं, जास्त भरलं तर परत गॅसवर. काट्याखाली लाकडी पाट घ्या, वर जाड फडकं.

थर्मामीटर असेल तर आधी साधं पाणी उकळून त्याचा आकडा बघा. घाटावर पाणी शंभरच्या आधीच उकळतं, त्यामुळे पुस्तकातला आकडा वाईला चालणार नाही. तुमच्या पाण्याचा जो आकडा येईल त्याच्यावर चार-पाच अंश, तिथे गॅस बंद.

बरणीबद्दल: काचेची, घट्ट झाकणाची बाटली असेल तर उकळून कोरडी करून, कडकडीत गरम साखरांबा काठोकाठ भरून लगेच झाकण लावा. चिनी मातीची बरणी आणि दादरा असेल तर साखरांबा पूर्ण गार करून भरा. कोमट भरून झाकला की वाफेचं पाणी वरच्या थरावर पडतं, तेवढाच थर पातळ होतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

---

बडोदेकर

आम्ही चार पिढ्या बडोद्यात. घरात मराठी बोलतो आणि साखरांब्याच्या जोडीने छुंदाही होतो, शेजारच्या गुजराती काकूंकडून आईने शिकलेला. काकांकडे पाच किलो कैऱ्या आहेत आणि तारेची धास्ती आहे, तर एक किलो याला द्या. गॅस लागतच नाही.

इथे राजापुरी कैरी घेतात, मोठी आणि गरदार, तिचा कीस लांब निघतो. किसाला मीठ आणि हळद चोळून तासभर ठेवायचं, मग साखर घालून हाताने कालवायचं. स्टीलच्या पातेल्यात घालून तोंडाला पातळ मलमलचं कापड बांधायचं आणि गच्चीवर कडक उन्हात ठेवायचं. संध्याकाळी घरात आणायचं, ढवळायचं, सकाळी परत वर. आठ-दहा दिवसांत पाक होतो. शेवटी लाल तिखट आणि भाजलेल्या जिऱ्याची भरड. उन्हातल्या छुंद्याचा कीस काचेसारखा पारदर्शक होतो, गॅसवरच्या छुंद्याला तो रंग येत नाही.

माजघर ताईंच्या नियमाप्रमाणे इथे कच्च्या किसाला आधीच साखर भेटते. त्यामुळे छुंद्याचा कीस थोडा चावायला लागतोच, छुंद्यात तो तसाच हवा असतो. ठेपल्याबरोबर खातात ना, तिथे मऊ लगदा नको वाटतो. साखरांबा म्हणून खायला बसलं तर मात्र तो बिघडलेला वाटेल.

वाईला वळवाचे ढग असतील तर यात पडू नका. मधेच दोन दिवस ऊन गेलं की आंबूस वास येतो.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ढग रोज दुपारी येतात, त्यामुळे छुंदा पुढच्या वर्षी. काटा आणि बशी दोन्ही करणार. माजघर ताई, वेलदोडा आणि केशर कधी? शेवटच्या किलोभर कैऱ्यांचा गुळांबा करावा म्हणतो, त्याला कुठला गूळ?

---

टोरांटोतली तुळस

मधेच लिहिते, कारण माझा कीसही पहिली दोन वर्षं चिवट होत होता आणि कारण आज कळलं. इथे आपली कैरी नेहमी मिळत नाही, मिळते ती मऊ पडलेली. म्हणून मी ग्रॅनी स्मिथ सफरचंदं घेते, हिरवी आणि आंबट. तीन सफरचंदांना एका लिंबाचा रस, साखर किसाच्या वजनाइतकी, लवंग आणि वेलदोडा. सफरचंदात पेक्टिन, म्हणजे पाक घट्ट करणारा फळातला घटक, भरपूर, त्यामुळे पाक पटकन धरतो, कैरीपेक्षा लवकर उतरवावा लागतो. आंब्याचा वास नाही येत, ते खरंच आहे. पण गरम घावनावर चमचाभर घातला की मुलं दुसरं घावन मागतात, आणि त्यांना साखरांबा हा शब्द माहीत आहे एवढं मला पुष्कळ आहे.

---

माजघर

वेलदोड्याची पूड गॅस बंद केल्यावर. केशर दुधात भिजवू नका, दुधाने साखरांबा टिकत नाही. पळीभर गरम पाक वाटीत काढून त्यात केशर चुरा आणि परत ओता. माझ्या मते रायवळच्या साखरांब्याला केशर लागत नाही, लवंग पुरते.

गुळांब्याला चिक्कीचा गूळ बिलकूल नको, तो गार झाल्यावर घट्ट धरतो. साधा, मऊ, पिवळा गूळ घ्या. चिरून थोड्या पाण्यात विरघळवा आणि कपड्यातून गाळा, तळाला वाळू बसलेली दिसेल. मग तो गाळलेला गूळ शिजलेल्या कैरीत. गुळांब्याला कीस नको, बोटाच्या पेराएवढ्या फोडी करा आणि आधी वाफवून घ्या. किसाचा केला तर गूळ किसाइतकाच धरतात, फोडींना सव्वापट घ्या. तो साखरांब्याइतका टिकत नाही, दिवाळीच्या आत संपवा.

आणि डब्याची एक गोष्ट, नातवाचं लिहिलंत म्हणून. पोळीला आधी तुपाचा हात फिरवायचा, मग साखरांबा. तूप नसेल तर पाक पोळीत मुरतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत पोळीचा लगदा होतो. चमच्याने कीस उचलला की बरणीच्या काठाला टेकवून पाक निथळू द्यायचा आणि पोळीच्या कडेपासून दोन बोटं आत लावून गुंडाळी करायची. मुलीला हे कळवा.

---

कृष्णाकाठ

झाला.

तीन किलो कैऱ्यांचा साखरांबा काल केला. पिवळी निघाली ती एकच, तिचं पन्हं झालं. कीस भरला 1 किलो 900 ग्रॅम. रायवळचा आंबटपणा बघून साखर दीडपटीच्या जरा खाली धरली, 2 किलो 700. कीस वाफवून चिमूट दाबून पाहिली, पहिल्या वेळेला टोचली, आणखी सहा मिनिटं वाफ दिली. तोवर साखरेचा डबा उघडलासुद्धा नाही.

पाक उकळायला लागल्यावर पुढचा अर्धा तास आम्ही दोघंही फारसं बोललो नाही. 4 किलो 600 ग्रॅमचं 4 किलो 150 झालं तेव्हा उतरवून बशी बघितली. थेंब सावकाश ओघळला. तरी मला तो पातळच वाटत होता, खरं सांगतो, आणि हात परत गॅसच्या बटणाकडे गेला. हिने डाव्या हाताने झारा मागितला. पातेल्यात एक फेरा फिरवला, उचलला, पाक खाली पडू दिला. म्हणाली, "हाच. डाव्या हातालासुद्धा कळतंय."

रात्रभर पातेल्यावर फडकं बांधून ठेवला. सकाळी बघतो तर ताईंनी म्हटल्याप्रमाणे चांगला दाट झाला होता. रंग मधासारखा, कीस सुटा आणि मऊ. झाऱ्यातून पडताना दोर होत नव्हता, गोळाही होत नव्हता. उन्हात तापवलेल्या तीन बरण्या भरल्या, दादरे मी बांधले.

पहिल्या बरणीचे खडे लिंबाच्या रसाने विरघळले. मिक्सरमधून फिरवलेला तो साखरांबा आज सकाळी आंबोळीबरोबर वाढला. ताटात डावीकडे, लोणच्याशेजारी, ही नेहमी वाढते त्या जागी. हिने दोनदा घेतला. चोथा थोडा लागतो, पण कैरीचा वास आहे. पातेल्याला चिकटलेला पाक पाणी घालून सोडवला, चिमूटभर मीठ टाकून त्याचं सरबत शेजारच्या मुलांना दिलं.

मुलीला तुपाच्या हाताचं सांगितलं. ती म्हणाली, आई तसंच करायची, पण का करायची हे मला आत्ता कळलं.

उरलेल्या कैऱ्यांच्या फोडी करून झाल्यात. गूळ गाळून ठेवलाय, खाली खरंच वाळू निघाली. ऊन उतरलं की गुळांबा चढवतो.